निळ्या पोस्टरवरचं टचिंग

हसायचंय तर आत्ताच हसून घ्या, नंतर माझी दयाच येईल. जन्मभर मी खोड्या काढल्या, शेजाऱ्याच्या चपला दोरीवर वाळत घातल्या. पण सगळ्यात मोठा घोळ झाला तो चांगलं काम करायला गेलो तेव्हा.

माझी पुतणी अश्विनी कॅन्सरवर संशोधन करते, मुलुंडला आमच्याकडेच राहते. परवा संध्याकाळी दिवाणावर पोस्टर पसरून ती आंघोळीला गेली. सकाळी ते मोठ्या डॉक्टरांपुढे लावायचं होतं. मला वाचता येतं ते दुकानाच्या पाटीपुरतं, म्हणून मी आपलं चित्र बघितलं. निळंशार, आणि मधे मधे पांढऱ्या पट्ट्या.

आता सांगा, आयुष्य भिंती रंगवण्यात गेलेल्या माणसाला हे बघवेल? म्हटलं, छापणाऱ्याने मधे मधे रंग भरायचा सोडलाय, उद्या पोरीची फजिती. माळ्यावरून डबा काढला, निळा कालवला, बारीक ब्रशने टचिंग केलं. असं बेमालूम, की स्वतःवरच खूश!

अश्विनी आली आणि बघतच राहिली.

"काका, पट्ट्या कुठे गेल्या?"

"भरल्या ना मी."

"अहो, त्या पट्ट्या म्हणजेच माझं काम होतं."

मस्करी नाही केली, हे तिला पटेचना. कसं पटणार? देवाची शपथही मी आजवर खोटीच घेत आलोय ना.

दोघं रिक्षाने छपाईच्या दुकानात पळालो. शटर अर्धं खाली. हातापाया पडून मशीन चालू करायला लावली. पोस्टर निघेपर्यंत तिने मला समजावलं. ते निळं म्हणजे रंगवलेल्या जेलीचा फोटो. कॅन्सरच्या गाठीतल्या एका एन्झाइमने ती जेली जिथे खाल्ली, तिथे पांढरं. तेच एन्झाइम आपल्या अंगातही असतं. जखम झाली की आतलं जुनं खरवडतं, मग नवं मांस धरतं.

मी अंगठ्यावरच्या जुन्या वणाकडे बघत बसलो. अरे, पोपडे काढल्याशिवाय नवा रंग बसत नाही, हे मला उस्तादाने मारून शिकवलं. याला कोणी शिकवलं? आत कोण कारागीर बसलाय, ना चहा मागत, ना सुट्टी?

"मग कॅन्सरमध्ये काय होतं गं?"

"खरवडणं थांबतच नाही. भिंती पोखरतं, गाठीला पसरायला वाट करून देतं." नवं पोस्टर गुंडाळत ती म्हणाली, "कारागीर चांगलाच असतो हो काका. कुठे हात लावायचा नाही ते कळलं नाही, की वाट लावतो."

मी गंभीरपणे मान हलवली. रिक्षात बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला, शेवटचं वाक्य कॅन्सरबद्दल नव्हतंच.