खांबावरची लाल साडी

शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेली नवी लाल साडी आज पावसात भिजली आणि खळीचा ओला वास घरात आला. मी खिडकी लावून घेतली.

सांडपाणी शुद्ध करायच्या केंद्रावर मी ऑपरेटर होतो. जोराच्या पावसात गटारांचं पाणी आवरेनासं झालं, की बाजूचं गेट उघडून ते थेट नाल्यात सोडावं लागे. खाली नाल्याच्या पात्रालगत आक्का भाजी पिकवायची. तिचा नवरा वडगावचा विणकर. मागावर बिघडलेली एक लाल साडी तिनंच आणून दिली होती. "गेट उघडायच्या आधी ही खांबाला लाव रं. मी विळा हलवीन, मगच पाणी सोड."

त्या दुपारी वादळ आलं. पाणी पंपांच्या विजेच्या पॅनेलला लागायला दोन बोटं उरली होती. मी साडी चढवली, पण विळ्याची वाट बघितली नाही. गेट उघडल्यावर मान वर केली, तर साडी भिजून खांबालाच चिकटलेली. खालून नुसता खांब दिसला असणार.

तेव्हा वाटायचं, वेळच नव्हता. आता वाटतं, एक विळा हलायला असा कितीसा वेळ लागतो?

आक्का दुसऱ्या दिवशी सापडली. तिचा नवरा केंद्रावर आला, साडी उतरवून त्यानं नीट घडी घातली. जाताना विचारलं, "पंप वाचलं न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय, आप्पा."