उंटाचा घोट

फडावर सगळे त्याला उंट म्हणत, आणि त्याला त्याचा कोण अभिमान! सकाळी एकदा उसात शिरला की दुपार टळेपर्यंत पाण्याला शिवायचा नाही. मध्ये थांबलं की हात गार पडतो, हे त्याचं शास्त्र. कंबर धरलीच तर अंगदुखीची गोळी कोरडीच गिळायची आणि पुन्हा कोयता चालू. आता असल्या शहाणपणाला काय म्हणावं? पण ऊसतोडीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, हेही खरं.

चाळिशी ओलांडली आणि पाय सुजले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन्ही मूत्रपिंडं गेली. उन्हात राबायचं, पाणी प्यायचं नाही, वर त्या गोळ्या. तुमच्यासारखे शेतातले फार येतात हो." आता आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त साफ करून घ्यायचं, आणि पाणी दिवसाला अर्धा लिटर, तेही मोजून. जन्मभर ज्याला नको नको म्हटलं, त्याच्यावाचून जीव कासावीस व्हायला लागला.

कोयता लेकीनं घेतला. खाण तशी माती. "उंटाची पोर आहे मी," म्हणत तीही तहान मारायची. खरं कारण वेगळंच होतं. पाणी प्यायलं की आडोशाला लांब जावं लागे आणि तेवढ्यात तिची रांग मागे पडे. बापानं परोपरीनं सांगून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. एका संध्याकाळी तिच्या पिशवीत त्याला तीच ओळखीची गोळ्यांची पट्टी दिसली.

दुसऱ्या दिवशी सुजल्या पायांनी तो फडावर हजर. चार काठ्या रोवून जुन्या चादरीचा आडोसा केला, कळशी भरून ठेवली आणि लेकीला हाक मारली.

"आबा, घरी जा बरं तुम्ही. ही रांग संपली की पिते."

त्यानं खिशातून औषधाची छोटी बाटली काढली. तीत त्याचं दुपारचं पाणी होतं. "तू प्यायलीस की मी पिईन," एवढंच म्हणाला.

तिला वाटलं, नाटक करतायत. रांग संपली, दुसरी लागली. ऊन डोक्यावर आलं. बापाचे ओठ पांढरे पडले, बाटली तशीच भरलेली. शेवटी तिनं कोयता टाकला, "हट्टी कुठले," म्हणत आली आणि तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली.

"अजून एक," तो म्हणाला.

तिनं दुसराही रिकामा केला. डोळे पुसत म्हणाली, "आता तरी प्या हो." मग त्यानं आपला घोट घेतला, आणि तो कितीतरी वेळ तोंडातच धरून ठेवला.

आता उंट रोज बांधावर येऊन बसतो, बाटली हातात धरून. मशीनचे दोन दिवस सोडून. आणि त्याचा घोट खोळंबू नये म्हणून सगळा फड वेळेवर पाणी पितो.