सांभाळणाऱ्या व्यक्तीची सही

परवा सकाळी मी शेफालीदीवर चक्क चिडले. इथे कोलकात्यात, डमडमला, आमच्याकडे ती दोन वर्षं घरकामाला आहे आणि असं याआधी कधी झालं नव्हतं...

तिच्या साडेतीन वर्षांच्या टुम्पाला सरकारी खर्चाने चालणाऱ्या, फक्त आमच्या वॉर्डातल्या मुलांसाठीच्या बालवाडीत घालायचं होतं. अर्ज द्यायचा शेवटचा दिवस, आणि फॉर्म भरायचं काम माझ्याकडे. पत्त्याच्या रकान्यात ती म्हणाली, तुमचा पत्ता लिहा. स्वतः राहते कालव्याच्या पलीकडे, दुसऱ्या वॉर्डात!

माझी सगळी नोकरी मुंबईत एका सरकारी ऑफिसच्या विधी विभागात गेली. नवऱ्याची बँकेतली बदली झाली म्हणून इकडे आलो, पण खोड गेली नाही. कुठलाही नियम हातात आला की आधी व्याख्या वाचायच्या, मग बाकीचं.

तर चष्मा लावून बसले. व्याख्या फॉर्मच्या मागेच इंग्रजीत छापल्या होत्या. 'रहिवासी बालक' म्हणजे ज्याचा रोजचा सांभाळ या वॉर्डात होतो ते. बरं, मग 'रोजचा सांभाळ' म्हणजे? तर दिवसाचं जेवण, झोप आणि आजारपण बघणं. ते बघणारी ती 'सांभाळणारी व्यक्ती', नातं असो वा नसो. आणि 'बालवाडीची वेळ' म्हणजे मूल सांभाळणाऱ्या व्यक्तीपासून दूर असेल तेवढा वेळ...

या शेवटच्या व्याख्येला मी हसलेच. दहा ते एक असं सरळ लिहायला काय झालं होतं यांना?

पण बाकीच्यांनी माझं डोकं पार भंजाळलं. एकदा वाचलं की टुम्पा पलीकडच्या वॉर्डातली, पुन्हा वाचलं की इकडची. पेन्सिलने खुणा करकरून कागद काळा झाला, तरी पत्ता काही ठरेना.

शेफालीदी आठ वाजता तिला माझ्याकडे सोडते, गल्लीतली आणखी तीन घरं करते आणि दोनला घेऊन जाते. तेवढा वेळ पोरगी इथे असते, इतकंच. याला सांभाळ म्हणायचं? आणि भिंतीवर खडू ओढते म्हणून मी नवऱ्याकडे रोज कुरकुर करते, त्याचं काय?

शेवटी पत्ता कोरा ठेवून आम्ही तिघी बालवाडीत गेलो. तिथल्या दीदीमणींना, म्हणजे बाईंना, मी माझ्या मोडक्या बांगलात कलमं समजावायला लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग फॉर्म बाजूला ठेवून टुम्पाकडे बोट केलं. "दुपुरे की खाय?"

दुपारी काय खाते... शेफालीदीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, वरण-भात, पण फोडणीतली मिरची काढून. झोपते कशी? माझ्या जुन्या साडीचा पदर मुठीत धरून. शेवटचा ताप कधी आला होता? दुर्गापूजेच्या सुट्टीनंतर. तीन दिवस होता, सकाळी उतरायचा आणि अकराला पुन्हा चढायचा.

तिन्ही उत्तरं मी दिली. मग मला शेफालीदीकडे बघवेना. लेकरू तिचं, ती दिवसभर राबते तेही त्याच्यासाठीच, आणि दुपारची टुम्पा मात्र मलाच ठाऊक... मला अगदी चोरट्यासारखं झालं.

तिने मात्र पेन उचलून माझ्या हातात दिलं. "शोई कोरो, बौदी." सही करा, वहिनी.

मी पत्ता लिहिला आणि सही केली. आयुष्यात शेकडो कागदांवर सह्या केल्या, पण इतकी वाकडी सही कधी आली नसेल. जागा तिथल्या तिथे पक्की झाली. पत्ता खोटा नव्हता, हे मला तेव्हा पटलं.

बाकीचा गोंधळ अजून आहेच. मी टुम्पाची नक्की कोण, हे कुठल्याही कलमात बसत नाही. शेफालीदीला विचारलं तर ती हसते आणि भांडी घासायला लागते.

आज सोमवार, टुम्पाचा पहिला दिवस. शेफालीदीने तिला परस्पर बालवाडीत सोडलं. मी सवयीने अकराला कुकर लावला, भात मऊ केला, फोडणीतली मिरची काढली... आणि ताट वाढताना हात थांबला.

एकला बालवाडी सुटेल, त्याला अजून चाळीस मिनिटं आहेत. ज्याने कोणी ती व्याख्या लिहिली, त्याला मी उगीच हसले.