पारशिवनीवर डबल क्लिक

चहा घेताय ना? घ्या. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण ह्या गोष्टीतला वेंधळेपणा दुसऱ्या कुणाचा नाही, माझाच आहे. आठवडाभर चिडले मात्र मी सगळ्या जगावर!

मी सोळा सोमवार केले. कशासाठी? तर आमच्या ह्यांनी आणि पारशिवनीच्या मोठ्या भाऊजींनी पुन्हा एकमेकांशी बोलावं म्हणून. सख्खे भाऊ, आणि दोन वर्षं अबोला! कारण ऐकाल तर कपाळाला हात लावाल. नातवाच्या बारशाचं आमंत्रण ह्यांनी फोनवर दिलं. घरी जाऊन अक्षत दिली नाही. झालं! तिकडून कुणी आलं नाही, आणि हेही मग "नाही तर नाही" म्हणून बसले.

उद्यापनाला सोळा मेहुणं जेवायला घालायची असतात. म्हणून ह्या वेळी मी स्वतः बसने पारशिवनीला गेले. कुंकू लावून, अक्षत देऊन सहा जोडप्यांना बोलावून आले. भाऊजी "पाहू" एवढंच म्हणाले. पण दोन दिवसांनी जाऊबाईंचा आमच्या सुनेला फोन आला, "सांग तुह्या सासूले, आम्ही सगळे येऊन राहिलो." मी देवापुढे साखर ठेवली.

आता ही सून. ऋचा. घरूनच कंपनीचं काम करते, आणि कामही काय, तर कॉम्प्युटरवर याद्या नीट दिसतील असं करायचं. गट पाडायचे, क्रम लावायचे. मी वहीत यादी करत होते, तर म्हणाली, "आई, द्या इकडे. आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर छान लावून देते."

लावून दिली खरी! तीन मथळे. नंदनवन, म्हणजे आमचे शेजारी. पारशिवनी, म्हणजे सासर. हिंगणा, म्हणजे ह्यांच्या कारखान्यातली मंडळी. सहा, सहा आणि चार. झाली सोळा जोडपी. प्रत्येक मथळ्याखाली ओळीनं नावं.

पण मी नीट पाहिलं, तर काय! शेजारी पहिले, आणि सासर दुसरं? आणि सासरच्या गटात सगळ्यांत वर कोण, तर अरुण! भाऊजींचा धाकटा चुलतभाऊ! आणि मोठे विठ्ठलभाऊजी, घरातले कर्ते, तळाला!

"ऋचा, हे असं कसं गं?"

"आई, नावावरून क्रम लागतो. मानावरून लागत नाही."

"का? तुमच्या कंपनीत कुणाला सासरे-बिसरे नाहीत का?"

ती हसली आणि कानाला ते हेडफोन लावून मीटिंगमध्ये गेली. मला मात्र चैन पडेना. मानापायीच तर दोन वर्षांचा अबोला, आणि ह्या यंत्राला मान म्हणजे काय ते ठाऊक नाही! मग मी माझ्या परीनं तोड काढली. यादी पाहून उठताना पारशिवनीच्या मथळ्याला नमस्कार करायचा. काचेला हळदीकुंकवाची बोटं लावू नका अशी सुनेची ताकीद होती. म्हणून तो बाण त्या नावावर न्यायचा, माऊसवर दोनदा टिकटिक करायचं, देवळातल्या घंटेसारखं, आणि डोळे मिटून हात जोडायचे. मग उठायचं.

सोळाव्या सोमवारी पूजा झाल्यावर मी असा पहिला नमस्कार केला.

मंगळवारी यादी पाहते, तर पारशिवनीखाली एकही नाव नाही! नंदनवनचे सहा होते. हिंगण्याचे चार होते. मधे नुसता मथळा, उजाड गावासारखा.

म्हणजे नाही म्हणाले! जाऊबाईंनी पुन्हा फोन केला असणार आणि ऋचानं नावं काढली असणार. तिला विचारायला गेले तर ती मीटिंगमध्येच. मी खुणेनं म्हटलं, "पारशिवनी?" तिनं एक कान मोकळा केला. "आहेत ना आई, यादीत बघा."

काय बघू? बघूनच तर आले होते! पोर बिचारी मला वाईट वाटू नये म्हणून सांभाळून घेते आहे, असं माझ्या मनानं घेतलं. तुम्ही म्हणाल, सरळ पारशिवनीला फोन का नाही केला? अहो, तोंडावर "नाही" ऐकायचं धैर्य कुणाला होतं? आणि ह्यांना सांगायची तर सोयच नाही. "बघ, म्हटलं होतं ना मी," हे एक वाक्य ते दोन वर्षं तयार ठेवून बसले होते.

पण सोळा तर भरायलाच हवेत! मग कॉलनीतली आणखी सहा जोडपी गाठली. समोरच्या रंजनापासून सुरुवात. ती बिचारी लगेच हो म्हणाली. संध्याकाळी यादीपुढे बसून मी आशेनं पुन्हा एक नमस्कार केला. टिकटिक. महादेवा, तूच बघ रे बाबा.

गुरुवारी पाहते तर सगळी सहा नावं परत हजर!

माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. म्हटलं नमस्कार फळला, भाऊजींचा राग उतरला! पण आता जोडपी झाली बावीस. आचाऱ्याला सांगितलेलं सोळांचं. गेले रंजनाकडे. जेवायला बोलावलेल्या माणसाला नको म्हणायचं!

"रंजना, अगं ते सासरचे येतो म्हणतात..."

"असू द्या काकू. साडी प्रेसमधून आणली होती, ठेवून देते परत."

सहा घरी जाऊन सहा वेळा हेच. परत येऊन कृतज्ञतेनं नमस्कार केला. टिकटिक.

शनिवारी नावं गायब!

आता मात्र माझं डोकं फिरलं. ही काय थट्टा आहे? येतो, नाही येत, येतो, नाही येत! माणसं आहेत की नळाचं पाणी? पुन्हा रंजनाच्या दारात. मला पाहूनच ती म्हणाली, "काकू, साडी काढू की ठेवू, तेवढंच सांगा."

"काढ," मी म्हटलं. त्या दिवशी मी पारशिवनीला नमस्कारसुद्धा केला नाही. रविवारी पाहिलं, तर तसंच उजाड.

उद्यापनाचा सोमवार उजाडला. पूजा झाली, चुर्म्याचा नैवेद्य झाला. नंदनवनची बारा आणि हिंगण्याची चार, सोळा जोडपी पाटांवर बसली. पुरणपोळी वाढायला घेणार, तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. आतून उतरले भाऊजी, जाऊबाई आणि मागे पाच जोडपी. स्वच्छ धोतरं, कोरी लुगडी.

मी काय करायला हवं होतं? धावत जाऊन पायांवर पाणी घालायला हवं होतं. आणि मी काय केलं? आठवडाभराचा संताप तोंडाशी आला आणि बोलून गेले, "या. आज पुन्हा यायचं ठरलं वाटतं?"

जाऊबाई उंबऱ्यावरच थबकल्या. "काहून वं शोभा, असं काहून बोलून राहिली?"

"मग काय बोलू? तीनदा मन बदललंत तुम्ही!"

"आम्ही? आम्ही तं आठ दिवसांपासून तयारीत आहो!"

भाऊजींनी आत पाटांवर बसलेली माणसं पाहिली. एकही जागा रिकामी नव्हती. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. "चाल वं," ते जाऊबाईंना म्हणाले, "आपल्यासाठी पाट नाही इथं. अक्षत देऊन बोलावते अन् जागा दुसऱ्याले देते."

हे मागे भिंतीला टेकून उभे. माझे सोळा सोमवार फाटकाबाहेर निघाले होते!

"थांबा!" ऋचा ओरडली. "काका, एक मिनिट. आई, ह्यांनी मन बदललं असं तुम्हाला कुठे दिसलं?"

"तुझ्याच यादीत!"

आम्ही सगळे कॉम्प्युटरपुढे गेलो. पारशिवनी, आणि खाली शून्य. "बघा!" मी म्हटलं. ऋचानं मथळ्याशेजारच्या बारक्या त्रिकोणावर टिचकी मारली. सहाही नावं खाली उतरली.

"गट मिटला होता आई. नावं आतच होती. तुम्ही इथे काय केलंत?"

"मी? मी कशालाही हात लावला नाही. उठताना फक्त नमस्कार करते."

"कसा? करून दाखवा."

मी बाण पारशिवनीवर नेला. टिकटिक. डोळे मिटले, हात जोडले. डोळे उघडले, तर अख्खं सासर नाहीसं झालेलं!

आधी रंजना फिसकन हसली. मग जाऊबाई पदर तोंडाला लावून खाली बसल्या. "अगं माय, म्हंजे तूच आमाले नमस्कार करू करू घालवून राहिली होती!"

आणि भाऊजी ह्यांच्याकडे वळले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"बापू, हिच्या हाती हे माऊस कोणं देल्लं गा?"

हे म्हणाले, "दादा, आईशपथ, म्या नाही देल्लं."

मग काय विचारता! जाऊबाई पदर खोचून आमच्या स्वयंपाकघरात शिरल्या, पुरण कमी पडलं तिथे पुऱ्या तळल्या. दुसऱ्या पंगतीला दोघे भाऊ एकाच चटईवर बसले. व्रत फळलं म्हणायचं, दुसरं काय?

आता दोघांचा रोज फोन होतो. मी स्वयंपाकघरातून ऐकत असते. पाऊसपाणी नाही, तब्येत नाही, भाऊजींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मंग? आज काय करून ठेवलं गा तिनं?" आणि आमचे हे, जे माझ्याशी दिवसभरात चार शब्द बोलत नाहीत, ते अर्धा तास उत्तर देतात.