दाराकडची बाजू

आमच्या क्लासचा निकाल त्या वर्षी असा लागला, की मालकांनी खूश होऊन शिक्षकांना सहली बक्षीस दिल्या. माझ्या वाट्याला आला सह्याद्रीच्या वर्षावनातला एक आलिशान इको-लॉज. दोन दिवस, दोन माणसं. लातुरात मी वर्षानुवर्षं जीवशास्त्र शिकवतेय. वर्षावन फळ्यावर शंभरदा काढलं, पाहिलं कधीच नव्हतं. मायला घेऊन निघाले.

खोली पाहिली आणि मी दारातच थांबले. हातभर जाडीच्या दगडमातीच्या भिंती. वर लाकडी तुळया, त्यांच्यावर मातीचा जाड थर, मातीवर गवत. मॅनेजर कौतुकाने सांगत होता, "सिमेंटचा कणही नाही, मॅडम. सगळं जुन्या पद्धतीचं."

जुनी पद्धत मला सांगतो! किल्लारीजवळच्या आमच्या गावात अस्संच माळवदाचं घर होतं. भूकंपात ते कोसळलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. मायने मला ओढून बाहेर काढलं. चार वर्षांची धाकटी बहीण भिंतीखाली राहिली. पुढे आम्ही कित्येक वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढली. आजही दगडी घरात पाहुणी म्हणून गेली, तरी माय चहा अंगणातच पिते. आणि मी बाईसाहेबांनी येण्याआधी फोन करून जळवांचं विचारलं, जेवणाचं विचारलं. भिंती कशाच्या, ते विचारायचं सुचलं नाही.

"पत्र्याची खोली आहे का एखादी?" मी मॅनेजरला विचारलं.

पत्र्याची एकच होती, बागेची अवजारं ठेवायची. मी तीही मागितली. त्याला वाटलं, मी टोमणा मारतेय.

बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, त्यामुळे अंगणाचा प्रश्नच मिटला. जेवण झाल्यावर माय उंबऱ्यात उभी राहून तुळया निरखत होती. तिच्या काळजीने माझा जीव खालीवर होत होता. खरं सांगायचं तर भिंतीची धास्ती मलाच जास्त होती.

"माय, माघारी जाऊ. गाडी बोलावते."

"एवढ्या पावसात? जरा आडवी होते. लई दमले बाई."

पलंग एकच. एक बाजू भिंतीला लागून, दुसरी दाराकडे. मी घाईघाईने माझी पर्स भिंतीकडच्या उशीवर टाकली.

"तू दाराकडं झोप," मी म्हणाले.

भूकंपानंतर दाराकडची जागा कायम माझी असायची. शेडमध्ये, पुनर्वसनाच्या घरात, लातूरच्या फ्लॅटमध्येसुद्धा. दाराजवळ होते म्हणून मी वाचले, हे मला ठाऊक होतं. तिथे धाकटी असती तर, एवढं मात्र मायला विचारायची हिंमत कधी झाली नाही.

मायने पर्स उचलून माझ्या हातात दिली.

"एकदा तरी ऐक ना माझं."

"न्हाई." ती भिंतीला पाठ लावून आडवी झाली. तुळयांकडे बघतच बोलली, "दाराकडं रोज धाकटीच झोपायची. त्या दिशी तिला खोकला व्हता, वारं लागंल म्हनून म्याच उचलून भितीकडं घातली, अन् तुला हिकडं."

मायने दाराकडची उशी हाताने झटकली.

"आता भितीकडं म्या सोडून कुनीबी झोपायचं न्हाई. ये."