आईच्या अंगाला टोचलेलं सूत

आईच्या अंगाला कापड टोचायला लागलं, तेव्हा मी तिलाच खोटं पाडलं.

डायलिसिससाठी मी तिला आठवड्यातून दोनदा इस्लामपूरहून सांगलीला नेत असे. कातडी कोरडी पडलेली, खाज थांबत नव्हती, त्यात अंगावर नवा गाऊन. "लय टोचतंय गं," ती म्हणायची. मी सूतगिरणीच्या प्रयोगशाळेत सूत तपासते, म्हणून मी आपलंच घोडं पुढं दामटलं. तिची जुनी मऊ चादर आणि हा गाऊन, दोन्ही आमच्याच गिरणीच्या सुताचे. दिवाळीला कामगारांना कापड मिळतं, त्यातले. दोन्हींत पॉलिस्टर आणि कापसाचं प्रमाण एकच. मग एक मऊ आणि एक टोचरं कसं असेल? "आजारामुळं वाटतंय तुला," असं सांगून मी मोकळी झाले.

तिनं बाही वर सारून हात खाजवला. त्याच गिरणीत सूत कागदी कोनावर गुंडाळण्याच्या खात्यात तिनं वीस वर्षं काढली होती. तिथल्या बायका सूत खालच्या ओठावरून ओढून बघत आणि "आज कडक हाय," म्हणत. मी यंत्रावर आकडे काढायची आणि त्यांना हसायची.

एका दुपारी ती झोपली असताना मी चादरीतून आणि गाऊनमधून एकेक धागा ओढला आणि उलटा फिरवून उलगडला. चादरीचा लगेच सुटला, तंतू मोकळे होऊन फुगले. गाऊनचा सुटता सुटेना. त्याला पीळ जास्त होता. माल तोच असला तरी पीळ वाढला की तंतू एकमेकांना आवळून बसतात. धागा मजबूत होतो, पण ताठही होतो, आणि त्याचं कापड अंगावर घासतं. हे मी पहिल्याच वर्षी शिकले होते. आईच्या बाबतीत ते आठवलं नाही, याची मला फार लाज वाटली.

त्याहून वाईट म्हणजे, तो पीळ मीच वाढवून घेतला होता. आई कामावर होती तेव्हा सूत सारखं तुटायचं. दिवसभर गाठी मारून तिची बोटं सुजायची, वर साहेबांची बोलणी. "तुमी तिकडं आकडं काढताय, हितं आमी मरतोय," म्हणून ती एकदा रडली होती. मी सूतकताई बघणाऱ्या मास्तरांच्या मागे हात धुऊन लागले. पीळ वाढला, तुटणं थांबलं. बायकांनी डब्यातली पुरणपोळी माझ्यासाठी राखून ठेवली. ते कापड अंगाला कसं लागेल, हे मी तपासलंच नाही.

ती उठल्यावर मी सगळं सांगितलं.

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "पयल्या दिशीच ओठाला लावून बगितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू पीळ कमी करायला गेली असतीस. त्या बायकांचं सूत आता तुटतंय का?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ दे."

मी चादर फाडून तिला गाऊन शिवला. तिनं तो नऊ दिवस घातला. दहाव्या दिवशी ती गेली.

आता आकडे लिहिण्याआधी मी सूत ओठावरून ओढून बघते. कडक लागतं. तरी मी ते पास करते.