दरोग्यासमोरची धार

म्हशीची धार मीच काढतो, असं मी दरोग्याला सांगून बसलो. तोवर मी म्हशीच्या कासेला बोटसुद्धा लावलेलं नव्हतं.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. गंगाखेडपासून कोसभरावर आमचं गाव. आई नुकतीच वारली होती. चूल काकू पेटवायची, आम्ही जेवायचो, ताटं उचलली जायची. मला रडू आलं नाही, आणि येत नाही याचंही काही वाटलं नाही. वडलांना आम्ही आबा म्हणायचो. ते ओट्यावर बसून असायचे. एकदाच बोलले, "म्हैस दारात नको. बाजारच्या दिवशी हेडी येऊन नेईल." हेडी म्हणजे जनावरांचा दलाल.

म्हैस आईच्या हातची. दुसरं कुणी धारेला बसलं की लाथ. काकूनं एकदा धाडस केलं, तर दुधाची चरवी उकिरड्यावर जाऊन पडली. आई गेल्यापासून सगळं दूध रेडकूच पीत होतं आणि पैलवान होत चाललं होतं. पण म्हैसही गेली तर घरात आवाज म्हणून ऐकायला काहीच उरणार नाही, एवढं मला कळत होतं.

मग मी अक्कल चालवली. तालुक्याच्या दवाखान्याला दूध हवं होतं. मी आबांना म्हणालो, "दवाखान्याचं गिऱ्हाईक लागलं तर म्हैस आपली पेंड आपण कमावंल."

आबा म्हणाले, "बघ."

पण त्याला परवाना लागायचा, आणि परवान्याचा कायदा कडक. गोठा झाडलेला पाहिजे, भांडं कल्हईचं पाहिजे, आणि परवाना मागणाऱ्यानं सफाईच्या दरोग्यासमोर स्वतः धार काढून दाखवायची, म्हणजे पाणी घालायला वाव नको. मी कचेरीत गेलो तेव्हा दरोग्यानं विचारलं, "धार कौन निकालता जी?"

मला उर्दू येतं हे दाखवायची भारी खाज. म्हणालो, "हमीच निकालते, साब. आँख मूँदके."

"अच्छा? कल आता मैं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची सायकल दारात वाजली तेव्हा मी घरातच होतो. वळणीवर आईचं लुगडं होतं. ती गेल्यापासून कुणी काढलं नव्हतं. मी ते धोतरावरूनच गुंडाळलं, मिशीपर्यंत पदर ओढला आणि गोठ्यात गेलो.

दरोगा दोन पावलं मागं सरला. "ये क्या नाटक है?"

"कायदे में कपड़ों का कुछ नै ना, साब?"

त्यानं थोडा विचार केला. "नै है," म्हणाला.

म्हशीनं लुगडं हुंगलं. बराच वेळ हुंगलं. आई म्हणायची तसं मी "हं माय, हं माय" म्हणालो. आवाज घोगरा निघाला. रेडकू लावलं, मग ओढून बाजूला बांधलं आणि खाली बसलो. लाथेची वाट पाहत होतो. भीतीसुद्धा वाटत नव्हती. लाथ आली नाही. तिनं पान्हा सोडला. निम्मं दूध माझ्या गुडघ्यांवर गेलं, उरलेलं चरवीत वाजत राहिलं. हात कुणा दुसऱ्याचे असावेत तसे चालले होते.

दरोग्यानं तोंडावर रुमाल धरला होता. गोठ्याच्या वासासाठी नव्हे. त्यानं चरवीत बोट बुडवलं, थेंब नखावर घेऊन पाहिला. "परवाना ले जाओ," म्हणाला आणि सायकलीवर बसून खांदे हलवत गेला.

मी तसाच चरवी घेऊन आबांपुढं जाऊन उभा राहिलो. लुगड्याचा काठ शेणात लोळत होता. शाबासकी मिळेल असं वाटलं. आबांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"हेड्याला सांग, येऊ नको म्हनावं. आन् ते लुगडं काढ आधी. तुजी माय इतकी भेसूर न्हवती."